लायलॅकखालच्या गोळ्या

आई,

तुमचा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून लिहून ठेवतेय. ईशानला घेऊन आपल्या नेहमीच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत चाललेय. तो वाळलेल्या लायलॅकच्या फुलझुडपापाशी खेळत होता. मुठीत हिरव्या गोळ्या सापडल्या, जीभही हिरवी झाली होती. किती गिळल्या, ते त्याला सांगता येत नाही.

बाबांनी लावलेलं ते झुडूप थंडीनं गेलं असं तुम्हाला वाटतं, पण तसं नव्हतं. हिवाळाभर बर्फाखाली उंदरांनी बुंध्यांची साल गोल कुरतडून टाकली होती. शंतनूनं पालापाचोळा बाजूला केला तेव्हा दिसलं. खोडात साठलेल्या अन्नावर पानं फुटली, कळ्याही आल्या आणि मग आठवड्याभरात सगळं वाळलं. बाकीची झाडं तरी वाचावीत म्हणून त्यानं हे उंदरांचं विष टाकलं, आणि घरात कुणाला सांगायचं राहून गेलं; डबा मला आत्ता त्याच्या हत्यारांत सापडला.

विषबाधेच्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, "याचा परिणाम लगेच दिसत नाही. मूल खेळत असलं तरी घेऊन जा." ईशान आत्ता खुर्चीत बसून गाणं म्हणतोय. त्याच्या हसण्याचीच मला भीती वाटतेय.

मागच्या अंगणात जाऊ नका, काही उचलू नका. शंतनूला प्लँटवर फोन करा, पण गोळ्यांचं नाव काढू नका. तो एकटा गाडी चालवत येईल. ईशान पडलाय, हॉस्पिटलमध्ये ये, एवढंच सांगा. बाकीचं मी त्याला शेजारी बसवून सांगेन.

नेत्रा