फोन बाबांना आला

मंगळवार, संध्याकाळ

छातीतल्या गाठीबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त घरच्या वायफायवर शोधलं होतं. आज कुठल्याशा तपासणी केंद्राचा फोन थेट बाबांना. "घरात कुणाला गाठ आहे का?" कनेक्शन बाबांच्या नावावर आहे ना!

केबलवाल्याला विचारलं, आमची माहिती विकता का? "ताई, आम्ही फक्त वायर टाकतो. कंपनीच्या अटींना तुम्हीच हो म्हटलंय. नको तर बंद करा." वसईत एवढ्या कंपन्या, पण आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरी लाईनच नाही.

कनेक्शन बाबांच्या नावावर. अजून काय काय कळलंय, आणि कुणाला?

बाबा म्हणाले, "फसवाफसवी असेल." मीही हो म्हटलं. खोटं बोलू नये, हे आईने शाळेच्याही आधी शिकवलेलं.

आत्ता आई आली. दार लोटून हळूच म्हणाली, "कुठल्या बाजूला?"