मठाच्या झऱ्याकडची पायवाट

३ मार्च, सोमवार

कुलूप! मठाकडे जाणाऱ्या पायवाटेच्या फाटकाला चक्क कुलूप! वर कोरी करकरीत पाटी — ‘खाजगी जागा. प्रवेश बंद.’ चोवीस वर्षं मी त्या फाटकातून जातेय. गावात कुणाकडे पाहुणे आले की त्यांना माझ्याच गळ्यात बांधतात, आणि माझा फेरा ठरलेला — आधी मठाचे पडके खांब, मग मागचा झरा, मग ओढ्याकाठानं धबधबा. धबधब्याशी लेनच्या नावाचं बाकडं आहे. लेन म्हणजे माझा नवरा; त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण तिथं बसलं की मला बरं वाटतं. कबरीपाशी नाही वाटत. आज फाटकाशी उभी राहिले नि परत आले.

४ मार्च

फाटकाचा नवा मालक भेटला. क्रिस्पिन. लंडनहून आलाय, ऑर्मरॉड म्हातारबा वारल्यावर त्यांचं शेत-घर यानं घेतलं. बुटांना चिखलाचा एक ठिपका नाही! म्हणे, “समजून घ्या ना बाई, मेंढ्या व्यायला आल्यात. माणसं बघून बुजतात.”

मेंढ्या! त्याच्याकडे एक मेंढी नाही!

वर चहाला विचारलं नाही. दारातच उभं ठेवलं. ऑर्मरॉड असे नव्हते. दर मे महिन्यात मी त्यांना संत्र्याच्या मार्मालेडची बाटली पाठवायची, सोबत चार ओळींची चिठ्ठी. ते उलट डझनभर अंडी पाठवायचे, वर पेन्सिलीनं लिहिलेलं — ‘खुशाल.’ माणसाला काही रीतभात असावी की नाही?

११ मार्च

बस बदलत बदलत जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. पायवाटांचं टेबल सांभाळणारी मुलगी भली आहे. तिनं समजावलं — एखाद्या वाटेनं लोक वीस वर्षं उघडपणे, कुंपण न तोडता आणि कुणाला न विचारता चालत आले असतील, तर ती वाट सगळ्यांची होते. मग मालकानं कितीही कुलपं आणू देत!

“पण परवानगी घेऊन चालला असाल तर नाही हं,” ती म्हणाली. “मग ती मालकाची मेहेरबानी. तुमचा हक्क नाही.”

आम्ही कशाला कुणाला विचारतोय! तीस कोरे अर्ज घेऊन आले. गावातल्या तीस जणांनी आपण किती वर्षं चाललो ते लिहायचं, सही करायची. आठवड्याचं काम.

२० मार्च

कसलं आठवड्याचं! चार अर्ज परत आलेत. चार! एकावर चहाचा डाग, एकावर सगळी माहिती कुत्र्याची — कुत्रा कुठे थांबायचा, कशावर भुंकायचा. स्वतःबद्दल अक्षर नाही.

दुकानातली डोरीन म्हणते, “मी गेले असेन गं बेरिल, पण लेखी द्यायचं म्हणजे... आणि तो माणूस माझ्याकडून रोज पाव नेतो. त्याला उगाच वाईट वाटायचं.”

त्याला वाईट वाटायचं! अख्ख्या गावाचा झरा कुलपात गेला त्याचं कुणाला काही नाही, पाव मात्र जपायचा! घरी येऊन किटली इतक्या जोरात आपटली की झाकण टेबलाखाली गेलं.

२२ मार्च

आज विल्फ. शेजारी, वय चौऱ्याऐंशी, या वाटेवर माझ्याहून दुप्पट वर्षं चाललेला. माझा हुकमी एक्का. दोघं कुंपणाजवळ गेलो. तिथली लाकडी पायरी पावलांनी मधोमध किती झिजलीय त्याचे पुराव्यासाठी फोटो काढले. मी अर्ज पुढे केला आणि तो म्हणतो, “मी दर वेळी विचारायचो ना ऑर्मरॉडला. खळ्यात दिसला की हाक मारायचो, जाऊ का रे?”

“तुला कुणी सांगितलं होतं विचारायला?”

“अगं पोरी, दुसऱ्याच्या रानातून जायचं, तर विचारायला नको?”

मी त्याच्यासमोर अर्ज फाडला. काय काय बोलले! मूर्ख म्हटलं, वाटोळं केलंस म्हटलं. तो टोपी काढून हातात धरून उभा होता.

२३ मार्च

दारात परसातल्या ताज्या रूबार्बच्या देठांची जुडी. विल्फनंच ठेवली असणार. आत आणली, पण कळवलं नाही. अजून राग आहे.

२५ मार्च

कचेरीतल्या मुलीला फोन केला. विल्फनं स्वतःपुरतं विचारलं, म्हणजे फक्त त्याचा अर्ज बाद. बाकीच्यांना धक्का नाही. हुश्श!

५ एप्रिल

राहवेना. फाटक नाही तर नाही, टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या अंगानं झऱ्याकडे उतरता येईल असं वाटलं. तिकडून वाट अशी नाहीच, नुसती दलदल. गुडघ्यापर्यंत आत गेले, एक बूट तिथेच राहिला. एका बुटानिशी परत किल्ल्याच्या तटावर चढले नि दुर्बीण लावली. खाली धबधबा दिसला, बाकडं दिसलं. बाकड्यावर कुणीतरी ओला कोट वाळत टाकला होता.

लेनच्या नावाच्या पाटीवरच.

तटावर बसून रडले. मग थंडी वाजायला लागली म्हणून उठले.

२० एप्रिल, ईस्टर

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात डोरीननं माझ्या हातात गठ्ठा ठेवला. सतरा अर्ज! “दुकानातनं कुणाला सही केल्याशिवाय सोडलं नाही,” म्हणाली. “तुझा बूट गेल्याचं कळलं गावाला. बघवेना.” आणि क्रिस्पिनच्या पावाचं काय? “खाईल बिस्किटं.”

मी डोरीनला मिठी मारली. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाला मिठी मारलेली नाही. ती घाबरलीच.

२२ एप्रिल

एकवीस अर्ज, झिजल्या पायरीचे फोटो, सगळं रवाना. या मे महिन्यात मी बाकड्यावर बसणार. बसणारच!

९ मे

काही नाही. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

१४ मे

कचेरीतून जाड पाकीट. क्रिस्पिनच्या वकिलानं दिलेल्या कागदांच्या नकला. ऑर्मरॉडांच्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात सापडले म्हणे, सुतळीनं नीट बांधून ठेवलेले. एकवीस वर्षांच्या एकवीस चिठ्ठ्या. अक्षर माझं.

‘यंदाही तुमच्या रानातून मठाकडे जायची परवानगी दिलीत, मनापासून आभार. पुढच्या वर्षीही जाऊ द्याल ना? — बेरिल, सगळ्या गावातर्फे.’

विल्फनं निदान स्वतःपुरतं विचारलं होतं.