पट्टी नसलेला सिगार

९ नोव्हें. ९८
बाजार. गर्दी ओसरल्यावर तुकाराममामा दुकानात आले. वैशालीचे वडील. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मी मामा म्हणतो. हा एकच खरा मामा असायला हवा होता, तर पोरगी हक्कानं मागितली असती. नेमकं त्याच्याशीच नातं नाही.

नेहमीचा पावशेर जर्दा घेतला. मग कोपरीच्या खिशातून कागदात गुंडाळलेला सिगार काढला. कंपनीच्या नावाची कागदी पट्टी असते, ती नाही. वै.ला बघून गेला तो सणसवाडीचा सुपरवायझर, त्यानं दिलाय. कंपनीतल्या जर्मन साहेबानं खूश होऊन दिला म्हणे. तोच साहेब त्याला सहा महिने जर्मनीला पाठवणार.

मामा : "पट्टी कुटं पडली त्याला म्हाईत न्हाई. तुमी तंबाखूतली मान्सं. खरा हाय का बघा. ह्यो खोटा निघाला तर ते जर्मनी बी खोटंच."

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, नुसता वास घेतला (डॉक्टरनं तंबाखू सोडायला लावल्यापासून तेवढंच) आणि माझ्यापुढं सरकवला. "ह्यो सांगंल. त्याचं नाक माझ्यापरीस तिखट हाय."

पुढच्या बाजाराला उत्तर द्यायचं. गुरुवारी १९ ला सुपारी फुटणार. म्हणजे माझ्या एका शब्दावर आलं.

१० नोव्हें.
आप्पांच्या रीतीनं सुरुवात. रंग : वाळल्या शेणीचा. दाबून पाहिला, घट्ट. कानाजवळ फिरवला. चुरा भरलेला असेल तर आत कुरकुरतो. हा गप्प. याचा मालक मात्र वै.ला बघायच्या कार्यक्रमात तासभर बोलत होता असं ऐकतो. बेल्टला पेजर. आमच्या तळेगावात तो वाजत नाही, तरी दर पाच मिनिटांनी बघायचा. यापुढं त्याचं नाव पेजर.

वास : डांबरगोळी. स्वच्छ डांबरगोळी. जर्मन साहेब सिगार मुतारीत ठेवत असेल.

११ नोव्हें.
टोकाचा नखभर तुकडा काढला, चुना लावून तळहातावर मळला, दाताखाली धरला. काही नाही. गव्हाणीतला भुसा. वहीत लिहिलं : नापास.

आप्पा बघत होते. "चुना लावून खाल्लास? आरं, त्यो वढायचा आस्तो."
"सगळी तंबाखू चुन्यावर बोलते, तुम्हीच शिकवलंत."
"सगळी म्हंजी आपली."
पोट धरून हसले. गिऱ्हाइकाला सांगून पुन्हा हसले.

१२ नोव्हें.
दुकानामागं पेटवला. विडीसारखा दम मारला, पार छातीपर्यंत. दुसऱ्या दमाला पोती फिरायला लागली. तिसऱ्याला गटारीवर वाकलो. लिहिलं : विष. असलं विष घेऊन माणूस पोरगी बघायला येतो.

आप्पांनी डोक्यावर तांब्या ओतला. "कालिजातबी आशीच घाई क्येलीस."

बोललेच शेवटी. शिरूरच्या स्टँडवर एक जण वै.कडं बघून काहीतरी म्हणाला, मी त्याचा दात पाडला. प्राचार्यांनी माफीपत्र लिहायला सांगितलं. मी नाही लिहिलं. एस.वाय. तिथंच संपलं. तिनं बी.कॉम. पुरं केलं. दात पाडला त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "तुला कुणी सांगितलं होतं?"

१४ नोव्हें.
पुन्हा. आप्पांनी सांगितलं, धूर गिळायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. तसं केलं. पहिला बोटभर डांबरगोळीच. मग ती गेली.

मग काय आलं ते लिहायचं जिवावर आलंय. ओल्या मातीत गूळ सांडावा तसं काहीतरी. घशाला ओरखडा नाही. राख पांढरी, करंगळीएवढी झाली तरी पडेना. जळक्या बाजूनं उलगडून पाहिला, आत चुरा नाही, अख्खी लांब पानं. असं पान आमच्या दुकानात कधी आलं नाही.

चांगला आहे, हरामखोर.

अर्धा उरलाय. कुणाला कळणार आहे? नापास तर आधीच लिहिलंय.

१५ नोव्हें.
वै. आली. आजीसाठी मिश्री न्यायला. आप्पा नेमके तेव्हाच गोडाऊनला गेले.

"तुझ्याकडं दिलाय म्हणं आबांनी तो सिगार."
"डांबरगोळीचा वास मारतो."
"मारणारच. आबांनी माझ्या साड्यांच्या पेटीत ठेवला होता. आठ दिवस."

मुतारी वगैरे लिहून बसलोय मी. ते पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

"काय सांगणारेस आबांना?"
"काय सांगू?"
"जे हाय ते. शिरूरला हात उचललास तवा मला विचारलं नव्हतंस. आता कशाला विचारतोस?"

हो म्हणू की नको, चेहऱ्यावरून काही कळेना. तिला पेजर पाहिजे का, हे विचारायचं होतं. मी मिश्री पुडीत भरत राहिलो.

"भाजकी दे जरा. मागच्या खेपंला कच्ची होती."

१६ नोव्हें.
बाजार. मामा आले. सकाळपासून पाठ करून ठेवलं होतं : भेसळ आहे, पानपट्टीवरचा माल आहे, माणूस लबाड आहे. आप्पा तराजू पुसत होते. पुसलेलाच पुसत होते.

तोंडातून निघालं, "पान चांगलं आहे मामा. इकडं मिळत नाही असलं."
"म्हंजी सायबानंच दिलाय?"
"ते पान सांगत नाही. पट्टी का काढली, ते ज्यानं काढली त्याला विचारा."

मामांनी तुकडा बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वैशी बी त्येच म्हनत व्हती. पट्टी कशापायी काढली आसंल म्हून."

उरलेला अर्धा कागदात गुंडाळला, खिशात घातला आणि गेले. जर्दा तसाच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरले, आप्पा म्हणाले.

पेजरला मी पास केलं की नापास, मलाच माहीत नाही. आप्पांनी मामांचा विसरलेला जर्दा उचलला. पुडी बांधून माझ्यापुढं ठेवली. "सकाळी घरी दिऊन ये."

जाईन. दार कोण उघडतं बघू. बोटांना अजून डांबरगोळीचा, तिच्या पेटीचा वास येतोय. हात धुतले नाहीत.