सुटलेल्या सहासष्ट

बंगळूर, ४ एप्रिल १९७९

ती. अण्णास,
वेणीचा शि. सा. नमस्कार. पत्र आणि फणसाचे पापड एकाच दिवशी पोचले. पापडांचा चुरा झाला होता, पण चवीला काही झालं नाही. अत्तिगेला, माझ्या वहिनीबाईंना, तसं सांग.

वेणी दिवसभर करते तरी काय, असं शाळेतले मास्तर विचारतात, त्यांना सांगायला एक वाक्य दे, असं तू लिहिलंस. एका वाक्यात होणार नाही. काही क्षारांच्या स्फटिकात प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसा चुंबक असतो, आणि आपलं तोंड शेजाऱ्याच्या उलट दिशेला असावं असा त्याचा हट्ट असतो. दोघंच असले तर भांडण नाही. पण तिघं त्रिकोणात बसले, की एक वर बघतो, दुसरा खाली, आणि तिसऱ्यानं एकाचं ऐकलं की दुसरा रुसतो. आमच्या स्फटिकात असे त्रिकोणच त्रिकोण आहेत. पुरेसं थंड केलं की सगळे कसेबसे एका रचनेत स्थिर होतात, असं लोक मानत आले. ते कधीच स्थिर होणार नाहीत, असं मी गेल्या वर्षीच्या निबंधात दाखवलं. त्याची परदेशातही दखल घेतली गेली. इथल्या संस्थेतल्या कायमच्या जागेसाठी १८ जूनला मुलाखत आहे, आणि आमचे प्रमुख प्रा. चिदंबरय्या म्हणतात की तो निबंधच मला ती जागा मिळवून देईल.

सगळी मदार मोजणीवर आहे. त्रिकोणांच्या जाळीवर आठ कडांपर्यंतच्या आकृत्या किती तऱ्हांनी बसतात, ते मोजायचं. भौतिकशास्त्र लागत नाही, चिकाटी लागते. माझ्या वहीची नक्कल पाठवते आहे. सुट्टीत तुझी करमणूक होईल.
आईला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
वेणी

शिरसी, २७ एप्रिल १९७९

चि. वेणीस,
सुब्राय हेगडे याचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व कुशल.

करमणूक म्हणून वही पाठवलीस आणि माझी सुट्टी खाल्लीस. सहा कडांपर्यंत तुझं-माझं गणित तंतोतंत जुळलं. सात कडांना मी दोनदा घसरलो. दोन्ही वेळा चूक माझीच होती. तुझी अत्तिगे म्हणते की या माणसाला तांदूळ निवडायला बसवलं तर सुपातसुद्धा तो त्रिकोण मांडतो. परवा यक्षगानाला गेलो होतो. रंगस्थळावर तिघं राजे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले आणि मला एकदम हसू फुटलं. शेजारच्या भटांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून बाहेर आलो.

आई बरी आहे. तू वेळेवर जेवतेस का, एवढंच विचारते.
आठ कडांना आता हात घालतो.
तुझा,
अण्णा

शिरसी, १६ मे १९७९

चि. वेणीस आशीर्वाद.

आडवळणं न घेता लिहितो. आठ कडांच्या मोजणीत एक जात तुझ्याकडून सुटली आहे. दोन त्रिकोण एकाच ठिपक्याला टेकतात आणि त्याच ठिपक्यापासून दोन कडांचं शेपूट निघतं, ती. एका ठिपक्याभोवती ती सहासष्ट तऱ्हांनी बसते. शेपूट दुसऱ्या कोपऱ्यातून निघालेल्या आकृत्या तू घेतल्यास, सामाईक कोपऱ्यातल्या मात्र नाहीत. चार वेळा मोजलं. सोबत कागद आहे.

यानं तुझ्या निष्कर्षाचं काय होतं ते मला कळत नाही. काहीच होत नसेल तर या म्हाताऱ्या मास्तराला हसून टाक.
अण्णा

बंगळूर, २१ मे १९७९

ती. अण्णास नमस्कार.

तुझा घोटाळा झाला आहे. ती जात मी वेगळ्या नावाखाली घेतली आहे. हा निबंध तीन परीक्षकांनी तपासला, त्यांना काही दिसलं नाही. शाळेत लसावि-मसावि शिकवणाऱ्याला महिन्याभरात दिसलं, हे जरा जास्तच होतं. महिन्यावर मुलाखत आली असताना असं लिहिण्याआधी पाचव्यांदा मोजायचं होतंस.
वेणी

शिरसी, २० मे १९७९

चि. सौभाग्यकांक्षिणी वेणीस जानकी अत्तिगेचे आशीर्वाद.

हे पत्र मी लपून लिहिते आहे. तुझ्या अण्णांनी तुला पत्र टाकलं, त्याआधी दोन फाडली. चार दिवस धड जेवले नाहीत. ताकातल्या तंबळीचा वाडगा तसाच परत यायचा. मी म्हटलं, मुलाखत होऊन जाऊ दे, मग कळवा, महिनाभर उशीर झाला तर आकाश कोसळत नाही. तेव्हा म्हणाले की वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, तिला पाढे मी शिकवले, चुकलं की लगेच सांगत आलो. आज गप्प बसलो तर आजवरचं सगळं खोटं पडेल. मला ते आकडे कळत नाहीत. त्यांचं चुकलं असेल तर त्यांना माफ कर. पण ते चुकले नसतील तर, बाई, तू त्यांच्यावर रागावू नकोस.
आईंना यातलं काही सांगितलेलं नाही.
जानकी

बंगळूर, २६ मे १९७९

ती. अण्णास,
साष्टांग नमस्कार, आणि हा नेहमीचा नव्हे.

तू बरोबर आहेस. वेगळं नाव वगैरे काही नव्हतं. त्या सहासष्ट मी मोजल्याच नव्हत्या. माझं ते पत्र फाडून टाक. अत्तिगेचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. ते आधी आलं असतं तरी मी तसंच लिहिलं असतं, इतकी मी घाबरले होते.

त्या धरून पुन्हा मांडलं की निष्कर्ष उलटतो. चुंबक स्थिर होतात, अशीच चिन्हं दिसतात. प्रा. चिदंबरय्यांना सांगितलं. भला माणूस आहे. म्हणाले की दुरुस्ती छापायलाच हवी, पण तीन आठवड्यांनी पाठवली तर खोटेपणा होत नाही. मी म्हटलं की मुलाखतीच्या समितीपुढे बसून चुकलेल्या निबंधाबद्दल बोलताना माझा आवाज मला ओळखू येणार नाही. दुरुस्ती काल टपालात टाकली. प्रत समितीलाही दिली.

दुरुस्तीवर दोन नावं आहेत. दुसरं सुब्राय ग. हेगडे, सरकारी माध्यमिक शाळा, शिरसी. नको म्हणू नकोस, पाकीट गेलं.
तुझी,
वेणी

बंगळूर, २० जून १९७९

ती. अण्णास सा. न. वि. वि.

जागा मिळाली नाही. सगळे सौजन्यानं बोलले. एका सदस्यानं विचारलं की ही चूक दुसऱ्या कुणाला सापडली असती का. मी म्हटलं, दहा वर्षं तरी नाही. ते म्हणाले, मग घाई कशाची होती. मी वही पिशवीत टाकली आणि उठले.

हासनच्या एका महिला महाविद्यालयात जागा आहे. उष्णता आणि प्रकाश शिकवायचं. जुलैत रुजू होते. तू नोकरीसाठी ओळखीपाळखी काढत फिरू नकोस. आणि हा विषय मी सोडलेला नाही. चुंबक स्थिर होतात तर केव्हा, किती थंडीला, ते मला काढायचं आहे. या वेळी प्रत्येक मोजणी दोन वेगळ्या रीतींनी.
आईला सांग, जेवते.
वेणी

शिरसी, २ जुलै १९७९

चि. वेणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बागेत जाऊन बसलो. जानकीनं दोन हाका मारल्या, मग तीही येऊन बसली. त्याबद्दल एवढंच.

मुख्याध्यापकांना माझं नाव छापून येणार हे कळलं आहे. शिक्षणखात्याची परवानगी लागते का, या काळजीत ते आहेत. मी म्हटलं, परवानगी चूक करायला लागते, काढायला नाही. ते हसले नाहीत. अर्ज लिहून घेतला.

नव्या मोजणीतली एक रीत तुझी, दुसरी माझी. वह्या पाठव.
अण्णा

हासन, १२ डिसेंबर १९८३

ती. अण्णास वेणीचा कृतानेक नमस्कार.

आज वर्गात मी एकच समीकरण फळ्यावर दोनदा लिहिलं. मुलींना वाटलं ताप आहे. कलकत्त्याहून एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं पत्र आलं आहे. आपला मागच्या वर्षीचा निबंध वाचून त्यांनी तो क्षार बनवला, थंड करत नेला. शून्याखाली दोनशे बासष्ट अंशांना चुंबक स्थिर झाले. आपण दोनशे साठ आणि दोनशे त्रेसष्टच्या मधे म्हटलं होतं.

त्या लिहितात की त्यांनी आधी माझी दुरुस्ती वाचली. स्वतःची चूक इतकी उघड मांडणाऱ्या बाईच्या आकड्यावर एक वर्ष खर्चायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं. घाई कशाची होती, या समितीतल्या प्रश्नाला आता उत्तर द्यायची गरज उरली नाही.

बंगळूरच्या संस्थेनं फेब्रुवारीत व्याख्यानाला बोलावलं आहे, आणि पुन्हा अर्ज कर असंही कळवलं आहे. करणार आहे. तू आणि अत्तिगे व्याख्यानाला या.
वेणी

शिरसी, २० फेब्रुवारी १९८४

चि. वेणीस,
आम्हां दोघांचे आशीर्वाद. सुखरूप पोचलो. जानकी वाटभर झोपली आणि उतरल्यावर म्हणाली की वेणीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता.

मी नेहमीसारखी वही-पेन्सिल घेऊन बसलो होतो, हे तू पाहिलंस. पहिले दोन फळे मी तुझ्याबरोबर चाललो. तिसऱ्यावर एक चिन्ह मला खटकलं, ते टिपून ठेवलं. पुढच्याच ओळीत तू ते स्वतःच सोडवलंस. चौथ्या फळ्यावर मी हरवलो. तेवढ्यात पुढच्या रांगेतला कुणी उठून म्हणाला की ही पायरी त्याला पटत नाही. तू खडू हातात धरून त्याचं सगळं ऐकून घेतलंस, आताच उत्तर देता येत नाही, तपासून उद्या सांगते म्हणालीस, त्याचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलास आणि पुढे चालू लागलीस.

तो प्रश्न बरोबर होता की चूक, मला कळलं नाही. कळायची माझी ताकद नाही. मी वही मिटली आणि बाकीचं नुसतं ऐकलं.
असाच लोभ असू दे.
तुझा,
अण्णा