मोकळ्या हवेची मास्टर्स डिग्री

१ सप्टेंबर

आजपासून मी पुन्हा विद्यार्थी. कारण डॉक्टर. म्हणाले, देवदत्त, बीपी वाढलंय, रोज अर्धा तास बाहेर फिरा. डॉक्टरांचं काय, सांगून मोकळे. का फिरायचं, झाडाखालून फिरलं तर काय होतं आणि पार्किंगमधून फिरलं तर काय होतं, हे कोण सांगणार? मुळाशी गेल्याशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही हा माझा स्वभाव. म्हणून ॲडमिशन घेऊन टाकली. परदेशी विद्यापीठ, ऑनलाइन मास्टर्स. विषय : बाहेरचा परिसर आणि माणसाचं स्वास्थ्य.

गंधाली म्हणाली, अरे, त्यापेक्षा खाली जाऊन एक चक्कर मारून ये ना. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिच्याकडून जरा शास्त्रीय दृष्टिकोनाची अपेक्षा होती.

४ सप्टेंबर, दुपार

खुर्ची आली. चाकांची. मानेला आधार, कमरेला वेगळा आधार. बाहेरच्या परिसराचा अभ्यास म्हणजे बैठक पक्की हवी. खिडकीतला उजेड थेट स्क्रीनवर येत होता म्हणून जाड पडदा लावला. एसीची सर्व्हिसिंग करून घेतली. आता घरात अभ्यासाचं वातावरण आहे.

९ सप्टेंबर

पहिला वर्ग. प्रोफेसर इंगरबाई. तिकडे उत्तरेला, थंड देशात असतात. म्हणाल्या, प्रत्येकाने आपल्या खिडकीतून काय दिसतं ते दाखवा. एकीने तळं दाखवलं. एकाने गाय. गंधाली म्हणते आपल्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो आणि दोन टॉवरच्या मधून नॅशनल पार्कचा डोंगरही. असेल. मुलुंडला राहून डोंगर असणारच. पण पडदा दांडीत अडकला होता, म्हणून मी मागे रेडीमेड जंगलाचा फोटो लावला. बाई खूश झाल्या. विचारलं, ही कुठली झाडं? म्हटलं, लोकल.

१५ सप्टेंबर

गृहपाठ. बाहेरची एक जागा निवडायची. रोज तिथे अर्धा तास नुसतं बसायचं, मोबाइल न घेता. एवढंच? उद्या पहाटेपासून.

१६ सप्टेंबर

हवा दमट होती.

१८ सप्टेंबर

खाली डासांसाठी धूर मारत होते.

१९ सप्टेंबर

जागा सापडली. बाल्कनी. आमच्या आधीच्या मालकाने ती हॉलमध्ये ओढून घेतली, मग ग्रिल आलं, मग वॉशिंग मशीन. पण बिल्डरच्या नकाशात ती आजही बाल्कनी आहे. दोन्ही पाय ग्रिलमधून बाहेर काढून बसलो. मी घरात, पाय परिसरात. मशीन कपडे पिळायला लागलं तेव्हा सर्वांगाला एक कंप जाणवला. निसर्गाशी नातं म्हणून नोंद केली.

उजवा पाय काढताना गंधालीला बोलवावं लागलं. खोबरेल तेल वापरलं.

२ ऑक्टोबर

आज प्रत्यक्ष फील्डवर्क. बाबांना बोलवायला खाली गेलो होतो.

आई गेल्यावर बाबा जवळजवळ वर्षभर खोलीतून बाहेर आले नाहीत. जेवायला हाक मारली तर 'आलो' म्हणायचे आणि यायचे नाहीत. मग तळमजल्यावरच्या दशरथकाकांनी एक दिवस त्यांचा हात धरून खाली नेलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा, दशरथकाका आणि बी विंगचे भीमराजकाका पंपरूमजवळ बसतात. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीचा हात मोडलाय, तो सुतळीने बांधलाय. सात वाजेपर्यंत हसतात कशाला कोण जाणे.

जागेला कोर्समधली मोजपट्टी लावून पाहिली. हिरवाई शून्य. पंपाचा आवाज. समोर स्कूटर्सचे सायलेन्सर. मला धक्काच बसला. माझे वडील रोज अशा जागी बसतात आणि मला कल्पना नाही. दशरथकाकांना विचारलं, इथे का बसता? म्हणाले, 'हयसर वारो बरो येता.' हे शास्त्रीय उत्तर नव्हे.

बाबांचं स्वास्थ्य धोक्यात आहे. मुलगा म्हणून मला काहीतरी केलं पाहिजे.

२० ऑक्टोबर

ठरलं. माझा प्रोजेक्ट : सोसायटीत हीलिंग गार्डन. कमिटीपुढे प्रेझेंटेशन दिलं. सेक्रेटरी हर्षदभाईंनी कारंजं असेल का एवढंच विचारलं. मंजूर. फक्त कंपाउंडमध्ये गाडी उभी नसलेली एकच जागा आहे. पंपरूमजवळची. किती छान योगायोग.

गंधाली म्हणाली, मग बाबा कुठे बसणार? मी म्हटलं, बागेत. कधीकधी तिला साधी गोष्टही समजावून सांगावी लागते.

बाबांनाही सांगितलं, हे तुमच्यासाठीच करतोय. ते म्हणाले, अरे, आमचं चाललंय ना बरं. जुन्या पिढीला भावना दाखवता येत नाहीत.

१४ डिसेंबर

काम जोरात. खरं गवत लावलं तर चिखल होतो, म्हणून हिरवं कार्पेट. खरी फुलं लावली तर माळी लागतो, म्हणून कुंड्यांत बांबू. तो मरत नाही. ग्रॅनाइटचा बाक. पांढरे गोटे. बेडकाच्या आकाराची कचऱ्याची पेटी ही हर्षदभाईंची आवड.

तिन्ही खुर्च्या भंगारवाल्याला दिल्या. बाबा वरून त्यांच्या खिडकीतून बघत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही. चष्मा नसेल.

६ जानेवारी

उद्घाटन. हर्षदभाईंच्या हस्ते. टाळ्या, पेढे. बाबा आणि दोन्ही काकांना बाकावर बसवून फोटो काढला. इंगरबाईंना पाठवला. त्यांनी लिहिलं की फोटोतली माणसं कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसतात. परदेशी लोकांना आपले चेहरे वाचता येत नाहीत.

७ जानेवारी

कमिटीने बागेला फाटक लावून कुलूप घातलं. बरोबरच आहे. नवीन वस्तू आहे, पोरं कार्पेट उपटतील. हर्षदभाई म्हणाले, 'देवदत्तभाई, मेंटेन करायला पायजे ना.' सोफ्यावरचं प्लास्टिक आपण लगेच काढतो का?

पाटीचा मजकूर मीच करून दिला. बाकावर बसू नये (पॉलिश नवीन आहे). गोट्यांवर पाय देऊ नये. मोठ्याने बोलू नये. बाग आपलीच आहे.

किल्ली हर्षदभाईंकडे. त्यांचं घाटकोपरला दुकान आहे, रात्री येतात.

१८ जानेवारी

बाबा काही दिवस संध्याकाळी खाली गेले आणि लगेच वर आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, बंद आहे. म्हटलं, बघायला तर मिळतं ना. निसर्गाच्या नुसत्या दर्शनानेही फरक पडतो, यावर आमचा अख्खा एक धडा आहे. त्यांना वाचून दाखवला. ऐकता ऐकता झोपले. म्हणजे परिणाम होतोय.

३ फेब्रुवारी

बाबा हल्ली घरीच असतात. पलंगावर पडून मोबाइलवर जुन्या मॅच बघतात, आवाज बंद करून. दशरथकाका लेकीकडे गोरेगावला गेलेत, करमत नाही म्हणाले. पंपरूमजवळ पूर्ण शांतता. आवाजाची पातळी निम्म्यावर आली. आकडे फारच सुंदर आहेत.

निधी म्हणाली, पप्पा, आजोबा पुन्हा 'आलो' म्हणायला लागलेत आणि येत नाहीत. दहावीची मुलगी, अभ्यास सोडून सगळीकडे लक्ष.

जरा कसंतरी झालं. मग आकडे पुन्हा पाहिले. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

बाबांकडून प्रश्नावली भरून घेतली. बाग झाल्यापासून तुम्हाला किती बरं वाटतं, एक ते दहामध्ये सांगा. बाबांनी पेन हातात धरून विचारलं, 'देवू, किती लिहिले म्हणजे तू पास होशील?' मी म्हटलं, तसं नसतं बाबा, जे मनात असेल ते लिहा. त्यांनी दहा लिहिले.

दहापैकी दहा. वर्गात कुणालाच आले नाहीत.

१२ मार्च

बागेचा परिणाम उशिरा पण दिसायला लागला. बाबा पुन्हा बाहेर पडतात. रोज संध्याकाळी कोथिंबीर आणायला. एक जुडी आणायला दीड तास लागतो, त्यावरून चालण्याचा वेग फार कमी आहे हे कळतं, पण सुरुवात आहे. वाटेत बाग लागते. कुलपातून का होईना, ती बोलावतेय त्यांना.

फक्त घरात कोथिंबीर फार झाली. काल वड्या, आज वड्या. फ्रीज उघडला की हिरवाई. गंधालीला म्हटलं, बाबांना सांग ना, जरा मेथी आणा. ती हसली. का हसली ते सांगेना.

स्वतः फिरायला जायचं आहेच. थिसिस झाला की.

२ एप्रिल

इंगरबाईंची मेल. तोंडी परीक्षा प्रत्यक्ष बागेतून द्यायची. कॅमेऱ्यावर बाग दाखवायची आणि तिथे बसणाऱ्या एका माणसाशी बोलणं करून द्यायचं. झकास. बाबांना विचारलं. ते म्हणाले, किती वाजता?

हर्षदभाईंना किल्लीचं तीनतीनदा सांगून ठेवलं.

२० एप्रिल, संध्याकाळ

हर्षदभाई पुतण्याच्या लग्नाला कच्छला गेलेत. किल्ली खिशात घेऊन. फोन केला तर मागे ढोल. म्हणाले, अरे वाट लागली, पॅन्टमध्येच राहिली.

परीक्षा फाटकाबाहेरून दिली. एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात छत्री, कारण ऊन. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभे. आई असताना लग्नाला घालायचे तो. बाईंनी विचारलं, तुम्हाला कुठे बसायला आवडतं? मी मराठीत सांगितलं. बाबांनी फाटकातून आत बोट दाखवलं. म्हणाले, 'इथेच. आधी.' मी इंग्रजीत सांगितलं, इथेच.

बाई म्हणाल्या, मग ते उभे का आहेत?

तेवढ्यात माझं नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं. बॅटरी जपायला हवी.

लिफ्टमध्ये बाबांनी विचारलं, माझं काही चुकलं का रे? नाही म्हटलं. पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण आमचा मजला आला.

९ मे

रिझल्ट. नापास म्हणत नाहीत तिकडे. 'पुन्हा सादर करावे' म्हणतात. खाली बाईंनी एक ओळ लिहिली आहे : तुमच्या कामात ती जागा कुठेच दिसली नाही जिथे तुमचे वडील बसतात. ती शोधा, आणि स्वतः तिथे बसा.

भाषेचा अडथळा, दुसरं काय. दिवसभर एसीत पडून होतो.

१० मे, दुपार

गंधालीला बाईंची ओळ वाचून दाखवली, तिने माझ्या बाजूने चिडावं म्हणून. तिने उठून पडदा थोडा सरकवला आणि म्हणाली, ये, बघ.

समोर रस्त्यापलीकडे भंगारवाल्याचं दुकान. त्याच्यापुढे तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, रिकाम्या. एकीचा हात सुतळीने बांधलेला. गंधाली म्हणाली, बाबांनी त्या तिथे मार्चमध्येच खिडकीतून पाहिल्या. दशरथकाका त्यासाठी गोरेगावहून परत आले. दुकानाशेजारी भाजीवाला बसतो. तुला सांगितलं असतं, तर तू तिथेही कार्पेट घातलं असतंस, असं बाबा म्हणाले.

हे बाबा म्हणाले. दहापैकी दहा देणारे बाबा.

पडदा पुन्हा ओढून घेतला. डोळ्यांवर ऊन येत होतं.

११ मे

पुन्हा सादर करायचं तर जाणं भाग होतं. संध्याकाळी गेलो. केवळ अभ्यास म्हणून.

खुर्च्या तीनच, आणि म्हातारेही तीन. भंगारवाल्याने मला वजनकाट्यावर बसायला सांगितलं. बसलो. आकडा उजळला. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी जो लिहिला होता त्याच्यापेक्षा सात किलो जास्त. भीमराजकाकांनी मोठ्याने वाचला. भंगारवाला म्हणाला, साहेब, जरा उतरा, पेपर तोलायचेत.

बाबा म्हणाले, उद्या येताना घरून खुर्ची घेऊन ये.

१२ मे

घरात सुटी खुर्ची एकच, कोर्सची. लिफ्टमध्ये तिरकी करून बसवली. कंपाउंडमध्ये नीट आली. रस्त्यावर चाकं खड्ड्यात रुतली. उचलली, तर गेटपाशीच दम लागला. तिच्यावरच बसलो. मागून कुणीतरी हॉर्न द्यायला लागलं.

बाबा रस्ता ओलांडून आले. हाताने गाड्या थांबवत. खुर्चीची एक बाजू त्यांनी धरली, एक मी. पलीकडे गेल्यावर तिच्यात स्वतः बसले, मान मागे टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, झकास आहे रे. मला सुतळीची मिळाली.

बसलो. वारा खरंच येतो तिथे. कुठून येतो ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. दोन टॉवरच्या मधून डोंगर दिसतो. गंधाली म्हणाली होती.

मग दशरथकाकांनी आमच्या बिल्डिंगकडे बोट केलं. सगळ्या खिडक्या उघड्या, एकच बंद. जाड पडदा, आणि एसीचं पाणी टपटप खाली. म्हणाले, 'तां घर कोणाचां रे? भर सांजेक पडदो लावन कोण बसलेत?'

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

मी म्हटलं, काही कल्पना नाही काका.