टँटलसचा गुन्हा

बुधवार, १६ मे २००७, संध्याकाळ

क्लासमध्ये आज नको ती हुशारी केली. टँटलम शिकवताना बारावीची पोरं जांभया द्यायला लागली, म्हणून नावामागची ग्रीक गोष्ट सांगितली. टँटलस राजाला देवांनी गळ्याएवढ्या पाण्यात उभं केलं. प्यायला वाकला की पाणी खाली जायचं. हा धातूही ॲसिडात बुडवून ठेवा, थेंबभर ॲसिड पीत नाही, कोरडाच राहतो. म्हणून त्याला राजाचं नाव. पोरं खूश, मीही.

घरी आले तर आई नळाखाली हंडा लावून बसलेली. पाणी नाही, आज तिसरा दिवस! आणि घरामागून कारखान्यांची एवढी मोठी पाइपलाइन जाते. भिंतीला कान लावला की पाणी पळताना ऐकू येतं. डोकं फिरतं नुसतं.

"आज काय शिकवलंस?" आईने विचारलं आणि मी मूर्खासारखी तीच गोष्ट सांगितली.

"त्याने केलं काय होतं?"

"देवांना फसवलं होतं."

आईने रिकामा हंडा नळाखालून ओढून घेतला. म्हणाली, "तुझ्या आजोबांनी तर छप्पन सालीच बौद्ध दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले. आपण कुणाला फसवलं गं?"

एम.एस्सी. झालेली मी, उठले आणि ही वही घेऊन बसले. लिहितेय, आणि भिंतीमागे पाणी पळतंच आहे.