आजोबांची सैल पँट

२ फेब्रुवारी
आजपासून डायरी. कारण माझ्या मस्कऱ्यांची कुठेच नोंद नाही. बाबा बॉससमोर बसलेले असताना त्यांच्या फोनमधून कोंबडा आरवला, हे इतिहासात राहायला हवं.
संकल्प : आठवड्याला एक मस्करी. दर्जेदार. कुणाला लागेल अशी नाही.
बारावी पुढच्या वेळी नक्की.

९ फेब्रुवारी, सकाळ
आजोबा हॉलमध्ये पँट कमरेला धरून उभे. सोडली की खाली येतेय. बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "हे ह्याचंच काम." आई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला तरी सोड रे.
मी पँटला हात लावलेला नाही. आईशप्पथ.
पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आयडिया खरंच भारी होती. मलाच सुचायला हवी होती. मी नुसता हसलो.
आजोबांनी पँट उलटी केली, खिडकीपाशी नेऊन शिवण बघितली. जन्मभर टेलरिंग केलेला माणूस. म्हणाले, "टाका दिसत नाही कुठे. शाबास."
एवढं कौतुक मला शाळेत कधी मिळालं नाही. मिळालेलं कौतुक परत कसं करणार?

२१ फेब्रुवारी
दुसरी पँटही सैल. शर्टाची कॉलरसुद्धा. माझं नाव झालंय. आत्याने फोन करून विचारलं, कॉलर कशी काय जमवलीस? सांगितलं, ट्रेड सीक्रेट.
आजोबा हल्ली अर्धं ताट तसंच ठेवतात. जिना चढताना मध्येच थांबून रेलिंगची पाहणी करतात. बाबा म्हणतात, वय झालं. आई म्हणाली, बारीक दिसताहेत, एकदा डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं, अगं, बारीक कुठले, कपडे मोठे केलेत मी. आईने डॉक्टरांचा विषय सोडून दिला.
चला, सगळ्यांची एक चक्कर वाचवली.

१४ मार्च
आजोबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. मला वाटलं, माझीच उलटी मस्करी करताहेत. दारात उभा राहून टाळ्या वाजवल्या.
टाळ्या वाजवल्या मी.

२३ मार्च, दुपारी
कॅन्सर. मोठ्या आतड्यात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? बाबा म्हणाले, कपडे सैल झाले होते, पण ती ह्याची मस्करी होती. बाईंचं पेन थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांचं वजन उतरलं की लोक वयावर ढकलतात, दातांवर ढकलतात. मस्करीवर ढकललेलं पहिल्यांदाच ऐकतेय.
मी सांगणार होतो की मी काही केलंच नव्हतं. पण ते तर आणखी वाईट. खरंच केलं असतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.
संकल्प : उद्या आजोबांना खरं सांगायचं.

२४ मार्च
झोपले होते.

२५ मार्च
जागे होते. पण चहा पीत होते. गरम चहावर असं काही बोलू नये.

२७ मार्च
मीच झोपलो होतो.

२ एप्रिल
बाबा डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाले, ह्या वयात औषधं झेपायची नाहीत, उगाच त्रास कशाला. बाई म्हणाल्या, वय कागदावर असतं, मला माणूस बघू दे. आजोबांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, चालवलं. आंघोळ स्वतः करता का, गोळ्यांचं कोण बघतं, मन लागतं का, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, तुम्हाला काय हवंय? आमच्या घरात हे कुणालाच सुचलं नव्हतं.
आजोबा म्हणाले, "औषध घेऊ. नाही झेपलं तर मी सांगेन. ह्यांनी ठरवायचं नाही."
बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत बसले.
मी आज नक्की सांगणार होतो. पण दिवस आजोबांचा होता. मध्ये घुसणं बरं दिसलं नसतं.

१६ एप्रिल
सलाईनमधून औषध सुरू झालंय. आजोबा आता पँट दोरीने बांधतात. ती दोरी मला बघवत नाही.
प्लॅन : पँट गुपचूप कमरेत आत घ्यायची. त्यांना वाटेल अंग भरतंय. मग काही सांगायची गरजच नाही, आपोआप फिट्टंफाट. व्हिडिओ बघितला. सोपं आहे. मशीनचा आवाज होतो म्हणून हातानेच शिवली. मला यात करिअर करता येईल.

१७ एप्रिल
आजोबांनी पँट घातली. उजवा हात खिशात जाईना. खिसा मी कमरेबरोबर शिवून टाकला होता.
त्यांनी मला समोर बसवलं. मी सगळं ओकलो. पहिल्या पँटला हातच लावला नव्हता, फुकटचं क्रेडिट घेतलं, आईला अडवलं, माझ्यामुळे उशीर झाला. रडलो पण. हे कुणी वाचणार नाहीये म्हणून लिहितोय.
आजोबा म्हणाले, "मला माहीत होतं. शिवण माझीच होती, जशीच्या तशी."
मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?
"भीती वाटत होती रे. तू हसलास, मला बरं वाटलं. म्हटलं, असेल पोराचंच काम."
मग ते खिशाचे टाके उसवत बसले आणि मी धागे गोळा करत बसलो. म्हणाले, उशीर दोघांनी मिळून केला, अर्धा माझा.
तरी माझा अर्धा होता तेवढाच जड आहे.

२५ एप्रिल
आजोबांनी दुसरी पँट माझ्या हातात दिली. म्हणाले, आता खरंच कर. खडूने खुणा करून दिल्या.
संकल्प : खुणेच्या बाहेर एक टाका जाणार नाही.

२६ एप्रिल
गेले. बरेच गेले. पँट इतकी आवळली की बटण लागेना. म्हटलं, द्या, उसवतो. आजोबांनी श्वास आत ओढला आणि बटण लावलंच. आत्याला फोन करून सांगितलं, पँट घट्ट होतेय. आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. दिवसभर तीच घालून बसलेत, काढायला तयार नाहीत.
बाबा पेपरमधून म्हणाले, हे ह्याचंच काम.
ह्या वेळी खरंच माझं होतं. पण आजोबा मला क्रेडिट देईनात. म्हणाले, "छे. अंग भरलंय माझं."